ब्लेडचा हात

उल्हासनगर कॅम्प दोनमध्ये, लछूभाईच्या सीटकव्हरच्या दुकानाला लागून सुजितचा गाळा आहे. आत एका वेळी दोन गाड्या मावतात. गाडीच्या रंगाला ओरखडे येऊ नयेत म्हणून त्यावर पारदर्शक फिल्म चढवायची, नाहीतर सिरॅमिकचं कोटिंग करायचं, हे त्याचं काम. गिऱ्हाईक अंबरनाथ-बदलापूरहून येतं, कधी पनवेलहूनही.

फिल्म चिकटवणं कुणालाही शिकवता येतं, कापणं येत नाही, असं सुजित म्हणायचा. कारण फिल्म गाडीवरच कापावी लागते. हेडलाइटच्या कडेने, दरवाज्याच्या खाचेतून ब्लेड असं न्यायचं की फिल्म तुटली पाहिजे आणि खालच्या रंगाला ते कळताही कामा नये. सुजितचा त्यात हात बसलेला होता. लछूभाई स्वतःच्या गिऱ्हाइकांना त्याच्याकडे पाठवताना सांगायचा, "साईं, ये आदमी टमाटर का छिलका उतारेगा और टमाटर को पता नहीं चलेगा."

त्या हाताला दिवाळीनंतर कंप सुटला.

पहिल्यांदा लक्षात आलं ते एका पांढऱ्या गाडीच्या आरशाजवळ. ब्लेड टेकवलं, तर टोक थरथरत होतं. सुजितने हात झटकला, चहा पिऊन आला, पुन्हा टेकवलं. टोक तसंच. हे काय आहे ते आपल्याला ठाऊक आहे असं त्याला त्याच क्षणी वाटलं.

सुजितचं घर अंबरनाथच्या मोरिवलीत. त्याचे वडील महिपती तिथलेच, आणि आयुष्यभर तिथल्याच एका कारखान्यात कामाला होते. रिटायर झाले आणि त्यांचा उजवा हात मांडीवर पडल्यापडल्या हलायला लागला. अंगठा आणि बोट एकमेकांवर असे फिरायचे की जणू विडी वळतायत. डॉक्टरांनी कंपवात सांगितला. मग पाय जड झाले, बोलणं पुटपुटल्यासारखं झालं. शेवटी शर्टाची बटणंसुद्धा आई लावायची आणि घास सुजित भरवायचा. ज्या माणसाने त्याला खांद्यावर बसवून जत्रा दाखवली, त्याच माणसाची हनुवटी पुसताना सुजितने एकच गोष्ट मनात धरली होती, हे आपल्या वाट्याला येऊ नये.

आता ते आलं, असं त्याने ठरवून टाकलं. डॉक्टरकडे गेला नाही. गेलो तर ते नाव कानावर पडेल, आणि एकदा पडलं की परत घेता येणार नाही, असं त्याला वाटायचं. बायकोला, किर्तीलाही सांगितलं नाही. घरी चहाचा कप दोन्ही हातांनी धरायला लागला. किर्तीने विचारलं तर म्हणाला, "थंडी वाजते." पण थंडी कसली, जानेवारीतही तो घामाने भिजत होता. खाणं वाढलं होतं आणि पॅंट मात्र कमरेला सैल होत चालली होती. रात्री छाती धडधडायची. हे सगळं भीतीनेच होतंय, असा त्याने स्वतःपुरता निकाल लावला.

दुकानात त्याने वेगळीच वाट काढली. त्याच्याकडे नेत्रा नावाची मुलगी कामाला होती, बदलापूरच्या सोनिवलीहून स्कूटरने येणारी. गाडी धुणं, पॉलिश, कोटिंग हे सगळं ती करायची. कोटिंगमध्ये तर तिचा हात सुजितपेक्षाही हलका होता. पण ब्लेडला तिला तो हात लावू द्यायचा नाही. ती कितीदा मागे लागली होती, "दादा, कापायला शिकवा ना." सुजित म्हणायचा, "घाई काय आहे?"

आता तोच म्हणाला, "ये, आजपासून ब्लेड धर."

नेत्राला आधी खरं वाटेना. त्याने जुन्या, भंगारातल्या बॉनेटवर तिच्याकडून फिल्म कापून घेतली. कोन किती ठेवायचा, जोर मनगटातून द्यायचा नाही, श्वास कुठे सोडायचा, सगळं तोंडी सांगत राहिला. ती चुकली की आधीसारखा हातातून ब्लेड घेऊन दाखवायचा नाही, नुसता म्हणायचा, "परत." नेत्राला वाटलं, दादा फार धीराने शिकवतात. उन्हाळा सुरू होईतो ती गिऱ्हाइकांच्या गाड्यांवर फिल्म कापू लागली आणि सुजित पाण्याची बाटली घेऊन शेजारी उभा राहू लागला.

मार्च संपता संपता मीना आली.

मीना बदलापूरच्या एका खाजगी हॉस्पिटलात नर्स. गाव म्हणजे बारवी धरणाच्या अंगाला डोंगरातली एक वाडी. तिच्या लाल गाडीला शोरूमचा हार अजून तसाच होता. सोबत तिची आई जिजाबाई, हिरवं लुगडं नेसलेली, गाडीतून उतरताना दार आपटू नये म्हणून दोन्ही हातांनी हळूच लोटणारी.

"आमच्या वाडीचा रस्ता गाडीएवढाच आहे," मीना म्हणाली. "दोन्ही बाजूंनी करवंदीच्या जाळ्या. ड्युटीला रोज जायचं-यायचं, महिन्याभरात गाडी ओरबाडून निघेल. पुढचा भाग आणि दोन्ही बाजू फिल्म करा. वरचं छप्पर आणि मागचं कोटिंग."

जिजाबाईला काळजी वेगळी होती. "वरून पिशवी चढवल्यावर गाडीचा रंग दिसंल का, बाबा?"

"दिसेल आजी. चढवलीय हे तुम्हाला कळणारसुद्धा नाही."

"मंग पैशे कशाचे?" असं म्हणून ती स्वतःच हसली.

पहिल्या दिवशी धुणं आणि सफाई झाली. नेत्राने छपरावर आणि मागच्या दारावर कोटिंग केलं. दुसऱ्या दिवशी फिल्म लावायची होती, आणि त्याच दिवशी नेत्राच्या बहिणीचा, तेजलचा साखरपुडा. सुट्टी तिने कधीच सांगून ठेवली होती, सुजितच्याच ध्यानातून गेलं होतं. त्या दिवशी उजाडताच त्याने मीनाला फोन केला, एक दिवस पुढे ढकलू का म्हणून. मीना म्हणाली, "दादा, उद्या माझी सकाळची ड्युटी आहे आणि गाडीशिवाय मला पोचता येणार नाही. आजचीच रजा काढलीय."

सुजित म्हणाला, "बरं. या."

मायलेकी सकाळीच येऊन बसल्या. गाडी डोळ्यांआड होऊ द्यायला जिजाबाई तयार नव्हती. सुजितने त्यांच्यासाठी पंख्याखाली खुर्च्या टाकल्या आणि काम सुरू केलं. बॉनेटवर शॅम्पूचं पाणी मारलं, फिल्म पसरली, रबराच्या पट्टीने खालचं पाणी मधून कडेला काढत गेला. हे काम जोराचं, त्यात हात थरथरला तरी काही बिघडत नव्हतं. फिल्म बसली तशी लाल रंगाला खोली आल्यासारखी झाली. जिजाबाई उठून जवळ आली, वाकून बघितलं आणि समाधानाने परत जाऊन बसली.

मग कड आली.

सुजितने कोपर बॉनेटवर टेकवलं, डाव्या हाताने उजवं मनगट धरलं आणि हेडलाइटच्या वळणावर ब्लेड लावलं. थोडं नीट गेलं. पुढे वळण घट्ट होतं, तिथे डावा हात सोडावा लागला, आणि ब्लेड सुटलं. कडेवर राहायच्या ऐवजी बॉनेटवर आत शिरलं, बोटभर.

त्याने ब्लेड मागे घेतलं. मग फिल्मची ती कड उचलून बघितलं. खाली लाल रंगावर केसासारखी पांढरट रेघ होती.

फिल्म परत दाबली असती, वरून नवा तुकडा लावला असता, तर ती रेघ कुणाला दिसली नसती. हे त्याला सुचलं नाही असं नाही. पण आणखी एक गोष्ट लपवायची ताकद आता त्याच्यात उरली नव्हती. त्याने ब्लेड बंद करून टेबलावर ठेवलं आणि मीनासमोर जाऊन उभा राहिला.

"मॅडम, माझ्याकडून ब्लेड लागलं. रंगावर रेघ आलीय."

मीना उठली. गाडीपाशी जाऊन तिने बघितलं. नवी गाडी, धुताना काढून ठेवलेला हारसुद्धा सुकलेला नव्हता. तिचा चेहरा पडला, पण आवाज चढला नाही. "खोल आहे?"

सुजितने रेघेवर आडवं नख फिरवलं. "नख अडकत नाही. रंगाच्या वर जो पारदर्शक थर असतो त्यातच आहे. पॉलिशने जाईल. पण पुढचं कापणं आज माझ्याच्याने होणार नाही." मग तो म्हणाला, "माझा हात थरथरतो."

इतक्या महिन्यांत हे वाक्य पहिल्यांदा त्याच्या तोंडून बाहेर आलं, आणि ते एका अनोळखी बाईसमोर.

मीनाची नजर गाडीवरून त्याच्या हातांवर गेली. मग म्हणाली, "दादा, खुर्चीवर बसा. दोन्ही हात समोर सरळ धरा. बोटं पसरा." तिने पंखा बंद केला आणि टेबलावरचा टिश्यू पेपर त्याच्या पसरलेल्या बोटांवर ठेवला. कागदाची कड फडफडायला लागली.

"हात मांडीवर ठेवा. निवांत."

त्याने ठेवले. हात शांत पडून राहिले. सुजितने हे कधी बघितलंच नव्हतं. मांडीवर हात ठेवून बसायचीच त्याला धास्ती वाटायची.

"वजन कमी झालंय?"

"झालंय."

"जेवण?"

"उलट जास्त जातं."

"घाम? छातीत धडधड? झोप लागत नाही?"

सुजित नुसता मान हलवत गेला. शेवटी म्हणाला, "माझ्या वडिलांना कंपवात होता, मॅडम. मला माहितीय हे काय आहे."

"तुम्हाला माहिती नाही," मीना शांतपणे म्हणाली. "मलाही नाही, मी डॉक्टर नाही. पण तुम्ही सांगताय त्यावरून आमच्याकडे डॉक्टर सगळ्यात आधी थायरॉइड तपासायला सांगतात. साधी रक्ताची तपासणी आहे. तेवढी उद्याच्या उद्या करा आणि रिपोर्ट घेऊन डॉक्टरांना दाखवा."

जिजाबाई इतका वेळ ऐकत होती. "माझ्या भावजयीचं गळ्याचं असंच निघालेलं," ती म्हणाली. "पाणी भरतानी हंडा हालायचा नुसता. गोळ्या खाल्ल्या, झाली बरी. आता मलाच धाक दाखवती." मग गाडीकडे बघून म्हणाली, "आन रेघेचं काय मनाला लावू नको. एक ओरखडा पडला म्हंजी आता नजर लागायची नाय."

सुजितने बॉनेटवरची सगळी फिल्म काढून टाकली आणि पॉलिशचं मशीन घेतलं. मशीन जड, दोन्ही हातांनी दाबून धरायचं. त्यात कंप कळत नाही. चार-सहा फेऱ्या मारल्या, कापडाने पुसलं, दिवा तिरपा धरून बघितलं. परत पुसून परत बघितलं. मग त्याने मीनाला बोलावलं आणि रेघ कुठे होती ते शोधायला सांगितलं. तिने बॉनेटवर नाक टेकवून शोधलं. सापडली नाही. सुजित जमिनीवर बसूनच पाणी प्यायला.

नेत्राला फोन करायचं त्याच्या जिवावर आलं होतं, पण इलाज नव्हता. साखरपुडा दुपारी आटोपला होता. ती आली ती जांभळ्या काठपदराच्या साडीत, केसात गजरा, आणि एका डब्यात सगळ्यांसाठी बुंदी. पदर खोचत तिने विचारलं, "काय झालं, दादा? तुम्ही असताना मी कशाला?"

सुजितने तिला सगळं सांगितलं. हात कधीपासून थरथरतो, आज काय झालं.

नेत्राने बुंदीचा डबा टेबलावर ठेवला. मग म्हणाली, "म्हणजे मला ब्लेड दिलंत ते यासाठी."

"हो."

"मी घरी सांगितलेलं, दादांना माझं काम पटलं म्हणून शिकवतायत. आईने पेढे वाटले होते."

सुजितला सारवासारव करावीशी वाटली, पण आजचा दिवस तसा नव्हता. तो म्हणाला, "सुरुवात त्याच्यामुळे झाली, खोटं नाही बोलत. पण तुझं काम कच्चं असतं तर मी लोकांच्या गाड्या तुझ्या हातात दिल्या नसत्या. दुकान बंद करून घरी बसलो असतो."

तिने हातातल्या बांगड्या काढून डब्याशेजारी ठेवल्या. तो गाडीपाशी गेला तेव्हा तीही आली. दोघांनी मिळून नवी फिल्म पसरली आणि नेत्रा कापायला बसली. त्या घट्ट वळणाशी ती आली तेव्हा सुजितने दिवा जवळ धरला. ब्लेड कडेवरून असं फिरलं की फिल्मची पट्टी सालीसारखी गळून खाली पडली. संध्याकाळी गाडी बाहेर काढली तेव्हा जिजाबाईने आधी बॉनेटला आणि मग नेत्राच्या गालांना हात लावून बोटं मोडली. जाताना मीना सुजितला फक्त एवढंच म्हणाली, "उद्या. विसरू नका."

त्या संध्याकाळी सुजितने किर्तीलाही सांगितलं. ती भाजी निवडत होती. तिने ऐकून घेतलं, निवडलेली मेथी बाजूला सारली आणि म्हणाली, "मला वाटत होतं तुमचं दुकानाचं काहीतरी बिनसलंय. मी देवापुढे दुकानासाठी दिवा लावत होते. अहो, कशासाठी लावायचा तेवढं तरी सांगायचं." मग तिचे डोळे भरून आले आणि तिला रागही आला, आणि त्या रागातच तिने सकाळचा गजर लावला.

रक्त अंबरनाथ स्टेशनजवळच्या लॅबमध्ये दिलं. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट सुजितच्या मोबाइलवर आला. त्याने तो न उघडताच फोन किर्तीच्या हातात दिला. तिला आकडे कळले नाहीत, पण दोन ठिकाणी ठळक अक्षरं होती. त्याच दुपारी दोघं डॉक्टरांकडे गेली.

डॉक्टर वयस्क होते, कमी बोलणारे. त्यांनी रिपोर्ट बघितला, नाडी धरली, गळ्यावरून बोटं फिरवली. "थायरॉइड गरजेपेक्षा जास्त काम करतोय," ते म्हणाले. "गाडी न्यूट्रलला ठेवून अॅक्सिलरेटर दाबून धरावा, तसं चाललंय शरीरात. म्हणून घाम, म्हणून वजन, म्हणून हात."

"आणि कंपवात?" सुजितने विचारलं. "वडिलांना होता."

"त्यांचा हात कधी हलायचा? काम करताना की नुसतं बसलेले असताना?"

"बसलेले असताना. मांडीवर."

"आणि तुमचा?"

सुजितने मांडीवरच्या आपल्या हातांकडे बघितलं. "काम करताना. मांडीवर नाही."

"उलटं आहे की नाही? आज तुमच्यात मला कंपवाताचं एकही लक्षण दिसत नाही." डॉक्टरांनी चिठ्ठी लिहायला घेतली. "गोळ्या बरेच दिवस घ्याव्या लागतील, रक्त पुन्हापुन्हा तपासावं लागेल, हयगय चालणार नाही. पण हात थांबेल. पहिला फरक पंधरवड्यात दिसेल."

बाहेर येऊन दोघं दवाखान्याच्या पायरीवरच बसली. रिक्षा जात होत्या, समोरच्या शाळेची सुट्टी झाली होती. सुजितला रडू येईल असं किर्तीला वाटलं होतं. तो म्हणाला, "मला भूक लागलीय." तिने त्याला कोपऱ्यावरच्या हॉटेलात नेलं. त्याने मिसळ मागवली, मग आणखी पाव, मग आणखी. इतके दिवस भूक लागायची आणि प्रत्येक घासाबरोबर भीतीही जायची. आज नुसती भूक होती. किर्ती समोर बसून बघत होती आणि मधूनच नाक पुसत होती.

हात खरंच थांबला. एकदम नाही, आज बरा, उद्या थोडा वाईट, असं करत. दरम्यान नेत्रा कामावर येत होती, पण पूर्वीसारखी बोलत नव्हती. एका सकाळी एक राखाडी गाडी आली तेव्हा सुजितने ब्लेड उचललं आणि दरवाज्याच्या हँडलजवळची कड कापून दाखवली. स्वच्छ. नेत्राने वाकून कड बघितली.

"छान," ती म्हणाली. "आता मी परत नुसतं कोटिंग करायचं का?"

"तुला काय वाटतं?"

"बॉनेट माझं," ती म्हणाली. "बॉनेट आणि हेडलाइट. तुम्ही दरवाजे करा."

सुजितने कबूल केलं. नाराज व्हायला हवं होतं, पण झाला नाही. त्या दिवशी तो दरवाज्याशी आणि ती बॉनेटशी, असं दोघांनी काम केलं, आणि दुपारनंतर नेत्रा तेजलच्या सासरच्या गमती सांगायला लागली.

रविवारी बदलापूरहून त्याचा मोठा भाऊ राजू मोरिवलीला आला. दर महिन्याला एकदा तो यायचा. किर्ती आत मासे तळत होती आणि दोघं भाऊ ओट्यावर बसले होते. सुजितने त्याला सगळी हकिगत सांगितली. डॉक्टरांनी वडिलांचा हात आणि आपला हात यांत काय फरक सांगितला तेही सांगितलं.

राजू ऐकत होता. तो कधी फार बोलणारा नव्हता. वडील गेले तेव्हाही सगळी धावपळ त्यानेच केली, आणि पुढे त्या आजाराबद्दल कधी एक शब्द काढला नाही.

"मी रोज सकाळी उठलो की आधी हात बघतो," तो म्हणाला. "चादरीच्या आत. बायकोला दिसू नये म्हणून."

"कधीपासून?"

"बाबा गेले तेव्हापासून."

सुजितने त्याच्याकडे बघितलं. राजूचे दोन्ही हात मांडीवर होते, जाड, कामाने काळवंडलेले, अगदी निश्चल. ते आपण बघतोय हे राजूच्या लक्षात आलं आणि त्यानेही खाली बघितलं. मग आधी कोण हसलं ते कळलं नाही, पण दोघंही हसायला लागले, इतके की राजूला ठसका लागला.

"काय झालं हो?" किर्तीने आतून विचारलं.

"काही नाही, किर्ती," राजू डोळे पुसत म्हणाला. "वाढ तू. आलोच."